पहाट नावाचा पेपर

रविवारी सकाळी दारात पेपर पडला नाही की आपल्याला चहा गोड लागत नाही. पण तो पेपर काढणाऱ्याने काय काय पणाला लावलेले असते, हे आपल्या क्वचितच मनात येते. मला अशा वेळी तुर्कस्तानातले झेकेरिया सेर्तेल आठवतात.

जन्म १८९० चा, ऑटोमन साम्राज्यातल्या, आज उत्तर मॅसेडोनियात असलेल्या स्त्रुमिका गावचा. पहिल्या महायुद्धानंतर पत्नी साबिहा यांच्यासह ते न्यूयॉर्कला गेले, कोलंबिया विद्यापीठात पत्रकारिता शिकले. परतल्यावर १९२४ मध्ये 'जुम्हुरियेत' दैनिकाच्या उभारणीत त्यांचा हात होता. त्याच वर्षी त्यांनी 'रेसिमली आय' हे सचित्र मासिक सुरू केले. नाझिम हिकमतसारखा बंडखोर कवी पुढे तिथे लिहू लागला. १९२५ मध्ये एका लेखापायी सेर्तेलांना काळ्या समुद्राकाठच्या सिनोपला हद्दपार केले गेले. सुटून आले ते पुन्हा शाई-कागदाच्याच धंद्यात.

१९३० च्या दशकात भागीदारांसह त्यांनी 'तान' हे दैनिक हाती घेतले. तान म्हणजे पहाट. दुसऱ्या महायुद्धात हा पेपर नाझींविरुद्ध ठाम उभा राहिला. युद्ध संपताच त्याने एकपक्षीय राजवटीकडे लोकशाही मागायला सुरुवात केली. साबिहा यांची लेखणीही तितकीच सडेतोड होती.

४ डिसेंबर १९४५ ला हजारो विद्यार्थ्यांचा जमाव साम्यवादाविरुद्ध घोषणा देत 'तान'वर चालून आला. छापखान्यातली यंत्रे फोडली गेली. इस्तंबूलमध्ये तेव्हा लष्करी कायदा लागू होता, तरीही पोलिसांनी जमावाला रोखले नाही. उलट पुढे खटला भरला तो सेर्तेल पती-पत्नींवरच! तुरुंगवास झाला, मग अपिलात ते निर्दोष सुटले. पण निर्दोष ठरल्याने मोडलेला छापखाना उभा राहत नाही. 'तान' पुन्हा निघाला नाही.

मला यातली खरी मेख इथेच दिसते. सरकारला पेपर बंद करायचा तर हुकूम काढावा लागतो, कारण द्यावे लागते. जमावाला यांपैकी काहीच लागत नाही. वीस वर्षांत उभे केलेले एका दिवसात मोडता येते आणि जबाबदार मात्र कोणीच नसतो.

१९५० मध्ये दोघांनी देश सोडला. साबिहा १९६८ मध्ये बाकूला वारल्या, झेकेरिया १९८० मध्ये पॅरिसला. ज्या 'जुम्हुरियेत'च्या उभारणीत त्यांचा हात होता, तो इस्तंबूलमध्ये आजही निघतो. पहाट मात्र तिथल्या घरांत पुन्हा कधी पोचली नाही.