समुद्राला हाक घालणारा प्रोफेसर

कोकणातल्या एखाद्या ट्रॉलरवर चढायची संधी मिळाली, तर सुकाणूजवळचा छोटा स्क्रीन जरूर बघा. समुद्राचा तळ त्यावर रेषेसारखा दिसतो आणि मध्येच रंगीत डाग उमटतात. डाग म्हणजे मासळीचा थवा. या ‘फिश फाइंडर’ची गोष्ट मागे मागे नेली, तर ती एका फ्रेंच प्रोफेसरांपाशी पोचते. त्यांना मात्र मासे नाही, पाणबुड्या शोधायच्या होत्या!

पॉल लांजव्हँ यांचा जन्म १८७२चा, पॅरिसचा. प्येर क्युरी त्यांचे शिक्षक. क्वार्ट्झचा स्फटिक दाबला की वीज तयार होते, हे प्येर आणि त्यांचे भाऊ जाक यांनी १८८०मध्ये दाखवलं होतं. उलटंही खरं होतं. वीज दिली की स्फटिक थरथरतो.

पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या जहाजं बुडवत सुटल्या. ध्वनीने त्यांचा माग काढायची कल्पना कॉन्स्टँटिन शिलोव्स्की या रशियन इंजिनिअरने मांडली. ते काम १९१५मध्ये लांजव्हँ यांच्याकडे आलं, आणि सरांचा स्फटिक कामी आला. पोलादी पट्ट्यांमध्ये क्वार्ट्झ बसवून त्यांनी कानाला ऐकू न येणारा आवाज पाण्यात सोडला. १९१८मध्ये पाणबुडीवर आपटून परतलेला प्रतिध्वनी त्यांनी पकडला.

हिशेब सोपा आहे. पाण्यात ध्वनी सेकंदाला साधारण १,५०० मीटर धावतो. प्रतिध्वनी ०.२ सेकंदाने आला, तर वस्तू १५० मीटरवर. बऱ्याच माशांच्या पोटात हवेची पिशवी असते, ती आवाज छान परतवते. याच तत्त्वावर १९३५मध्ये ऑस्कर सुंड यांनी नॉर्वेच्या लोफोटेनजवळचे कॉडचे थवे कागदावर उमटवले. पुढे १९६०च्या दशकात पेरूमध्ये मासेमारीच्या बोटीच एको साउंडर लावून अँचोव्ही किती आहे, ते पाहू लागल्या.

लांजव्हँ नुसते प्रयोगशाळेत रमणारे नव्हते. फॅसिझमविरुद्ध ते उघड बोलत. ऑक्टोबर १९४०मध्ये नाझींनी त्यांना अटक केली, तेव्हा निषेधाला पुढे आली ती पॅरिसमधली तुमच्याच वयाची कॉलेजची मुलं. पुढे लांजव्हँ यांना त्र्वा शहरात नजरकैदेत ठेवलं. जावई जाक सोलोमाँ यांना १९४२मध्ये गोळ्या घातल्या गेल्या. मुलगी एलेन हिला आउश्वित्झला पाठवलं, ती वाचली. १९४४मध्ये लांजव्हँ स्वित्झर्लंडला निसटले. १९४६मध्ये ते गेले आणि दोन वर्षांनी फ्रान्सने त्यांना पँथिऑनमध्ये मानाची जागा दिली.

त्या स्क्रीनवरचा डाग बघून समुद्र उपसून रिकामाही करता येतो आणि किती मासळी उरलीय हे मोजून जाळं आवरताही येतं. यंत्र दोन्हीला तयार असतं. ते कशासाठी वापरायचं, हे ठरवायची वेळ आता तुमच्या पिढीची आहे.