पुस्तकांच्या पेट्या पाठवणारा राजा

नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात कवळाणे नावाचे लहानसे गाव आहे. तेथे १८६३ साली एका शेतकरी कुटुंबात एक मुलगा जन्मला. त्याचे नाव गोपाळ. त्याचे वडील काशीराव गायकवाड. आडनाव राजघराण्याचे होते, पण घरात राजेपणाची कोणतीही खूण नव्हती. शेतातल्या कामात आणि गुरांमागे हिंडण्यात गोपाळचा दिवस जाई. तो बारा वर्षांचा झाला तरी त्याला अक्षरओळख नव्हती.

१८७५ साली बडोद्याचे राजे मल्हारराव यांना इंग्रज सरकारने गादीवरून दूर केले. त्यांचे थोरले बंधू खंडेराव पूर्वीच वारले होते. खंडेरावांच्या पत्नी महाराणी जमनाबाई यांनी दत्तक घेण्यासाठी गायकवाड कुळातील मुलांमधून गोपाळला निवडले. शेतकऱ्याचा मुलगा राजा झाला. त्याचे नाव सयाजीराव असे ठेवण्यात आले.

राजा तर झाला, पण त्याला स्वतःचे नावही लिहिता येत नव्हते! मग शिक्षण सुरू झाले. इलियट नावाचे इंग्रज शिक्षक नेमले गेले. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा त्याला शिकायच्या होत्या. तुम्हांला एक नवी भाषा शिकताना किती कष्ट पडतात ते तुम्हीच जाणता. या मुलाला तर चारही भाषांची लिपी पहिल्यापासून गिरवावी लागली. पण तो मागे हटला नाही. वाचनाची गोडी एकदा लागली ती जन्मभर सुटली नाही.

१८८१ साली सयाजीरावांच्या हाती राज्यकारभार आला. शाळेत जायला न मिळालेल्या मुलाचे दिवस ते विसरले नव्हते. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी त्यांनी शाळा उघडल्या. तेथे शिकवायला सवर्ण हिंदू शिक्षक तयार होईनात, तेव्हा मुसलमान शिक्षकांनी ते काम केले. १८९३ साली अमरेली तालुक्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले. १९०६ साली ते सगळ्या राज्यात लागू झाले. त्यात मुलीही आल्या.

पण एक अडचण उभी राहिली. मूल चार-पाच वर्षे शाळेत जाई, मग शेतात किंवा धंद्यात लागे. गावात वाचायला पुस्तक नसे, वर्तमानपत्र नसे. काही वर्षांत शिकलेले अक्षर पुसून जाई. शाळेवर केलेला खर्च असा वाया जाणार असेल तर काय उपयोग? शाळेनंतरची शाळा हवी होती, आणि ती सर्वांसाठी हवी होती.

सयाजीराव परदेशांत पुष्कळ फिरत. अमेरिकेत त्यांनी सार्वजनिक ग्रंथालये पाहिली. तेथे कोणीही माणूस आत येऊन पुस्तक घेऊ शकत असे. १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास बोलावले. बॉर्डन तीन वर्षे राहिले. त्यांनी बडोद्याचे मध्यवर्ती ग्रंथालय उभे केले आणि ग्रंथपालांना शिकवण्यासाठी वर्ग काढला. ग्रंथालयात मराठी, गुजराती, हिंदी, उर्दू, इंग्रजी अशी पुस्तके होती. स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी वेगळी सोय होती.

शहराचे झाले, पण खेड्यांचे काय? त्यासाठी एक साधा नियम केला. गावकऱ्यांनी ठरावीक वर्गणी गोळा करायची. तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने द्यायची आणि तेवढीच सरकारने. मला या योजनेतली हीच गोष्ट सर्वांत शहाणपणाची वाटते. वर्गणीसाठी गावाला एकत्र बसावे लागे. ज्या पुस्तकांसाठी आपण पैसे दिले ती आपली वाटतात, सरकारची वाटत नाहीत. हळूहळू राज्यात अशी शेकडो ग्रंथालये झाली.

काही गावांना एवढेही जमत नसे. पालघर जिल्ह्यातील मोखाडा तालुक्यात खोडाळा हे गाव आहे. डोंगर, जंगल आणि मुसळधार पाऊस असा तो मुलूख. रेल्वे तेथे आजही नाही. बडोदे राज्यातही सोनगड आणि व्यारा या भागांत असेच रान होते आणि तेथेही आदिवासी लोक राहत. ज्या गावांत ग्रंथालय नसे त्यांच्यासाठी फिरती ग्रंथालये निघाली. फिरते ग्रंथालय म्हणजे एक भक्कम लाकडी पेटी. तिच्यात पंधरा ते तीस पुस्तके असत. पेटी पाठवण्याचा खर्च सरकार करी. गावातला शिक्षक किंवा एखादा जबाबदार माणूस ती सांभाळी. पुस्तके वाचून झाली की पेटी परत जाई आणि नवी येई.

ज्यांना वाचताच येत नव्हते त्यांनाही सयाजीराव विसरले नाहीत. ग्रंथालय खात्याची माणसे जादूचा कंदील घेऊन गावोगाव जात. अंधारात पांढऱ्या पडद्यावर मोठी चित्रे दिसत. पुढे चलचित्रेही दाखवू लागले. चित्रे पाहायला सारा गाव लोटे. शेजारच्या घरात कधी पाऊल न टाकणारी माणसेही त्या अंधारात एकाच पडद्याकडे पाहत बसत.

तरी सगळेच बदलले असे नाही. सयाजीरावांनी १९१३ साली शिष्यवृत्ती देऊन भीमराव आंबेडकरांना अमेरिकेत शिकायला पाठवले. १९१७ साली ते नोकरीसाठी बडोद्यास आले, तेव्हा जातीमुळे त्यांना राहायला जागा मिळेना. एवढ्या मोठ्या विद्वानाला ते शहर सोडून मुंबईस परतावे लागले. राजाच्या हुकमाने ग्रंथालयाचे दार उघडले, पण घरांची दारे उघडली नाहीत.

१९३१ साली बडोद्यात मांडवीजवळ मध्यवर्ती ग्रंथालयाची नवी इमारत झाली. तिच्या मजल्यांना जाड काचेच्या फरश्या बसवल्या, म्हणजे वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत पोहोचावा. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी सयाजीराव मुंबईत वारले. मांडवीचे ग्रंथालय आजही चालू आहे. ते सुरू झाले तेव्हा तेथे ठेवलेली सुमारे वीस हजार पुस्तके राजवाड्यातून आली होती. ती सयाजीरावांची स्वतःची होती.