गोव्यात सापडलं जॉर्जियाच्या राणीचं हाड, ओळख पटली आईकडून आलेल्या डीएनएमुळे

जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टिन चर्चचा पडका मनोरा आजही उभा आहे. याच आवारातल्या दगडमातीत जॉर्जियाच्या एका राणीच्या हाताचं हाड दबलेलं होतं. राणीचं नाव केतेवान.

पूर्व जॉर्जियातलं काखेती हे तिचं राज्य. नवरा डेव्हिड १६०२ मध्ये वारला. १६०५ मध्ये दीर कॉन्स्टंटाइननं स्वतःच्या वडिलांना आणि भावाला मारून गादी बळकावली. केतेवान गप्प बसली नाही. सरदारांना एकत्र करून तिनं दिराचा पाडाव केला आणि मुलगा तैमुराझला गादीवर बसवलं.

पण समोर इराणचा बलाढ्य शाह अब्बास होता. राज्य वाचावं म्हणून राणी त्याच्याकडे ओलीस गेली. पुढची अनेक वर्षं शिराझच्या कैदेत गेली. धर्म बदलायला तिनं नकार दिला आणि १६२४ मध्ये हालहाल करून तिला मारण्यात आलं.

पोर्तुगीजांच्या ऑगस्टिनियन पाद्रींनी तिचे अवशेष मिळवले. हाताचं हाड १६२७ मध्ये गोव्यातल्या त्यांच्या मठात आलं. १८३५ मध्ये मठ रिकामा झाला, १८४२ मध्ये छत कोसळलं आणि जागेची खूणच पुसली गेली.

२००४ मध्ये पुरातत्त्व खात्याला तिथं हाताचं हाड सापडलं. पण ते राणीचंच कशावरून?

इथं हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेचे शास्त्रज्ञ कामाला लागले. पेशीच्या केंद्रकात डीएनएचे दोनच संच असतात. मायटोकॉन्ड्रियातल्या छोट्या गोलाकार डीएनएच्या मात्र शेकडो ते हजारो प्रती असतात. पेशी दुभंगायची वाट न बघता या प्रती तयार होत राहतात आणि पेशी दुभंगली की दोन्हीकडे वाटल्या जातात. म्हणूनच चारशे वर्षं जुन्या हाडातही त्यातल्या काही टिकण्याची शक्यता जास्त. शिवाय हा डीएनए फक्त आईकडून मुलांना मिळतो, त्यामुळे आईकडचा वंश सरळ मागे शोधता येतो.

हाडातला डीएनए यू१बी या गटातला निघाला. हजारो भारतीयांच्या नमुन्यांत हा गट सापडला नाही, जॉर्जियात मात्र सापडला. डीएनए माणसाचं नाव सांगत नाही. पण जुन्या नोंदी, सापडलेली जागा आणि हा वंश, तिन्ही धागे केतेवानकडेच जात होते.

जुलै २०२१ मध्ये भारतानं या अवशेषांचा एक भाग जॉर्जियाला भेट दिला. मुलाच्या गादीसाठी घर सोडलेली संत केतेवान जवळपास ४०० वर्षांनी मायदेशी परतली.