पेशवा कैदेत असताना तह करणारा सरखेल

मुलाखतीत ‘लीडरशिप’ म्हटलं की आपण परदेशी सीईओंची नावं घेतो. कधी हर्णैला गेलात तर समोर समुद्रातला सुवर्णदुर्ग नीट बघा. कान्होजी आंग्रेंची कारकीर्द तिथूनच उभी राहिली.

1713 मध्ये ते ताराबाईंच्या बाजूला होते. शाहू महाराजांनी पेशवे बहिरोपंत पिंगळ्यांना त्यांच्यावर पाठवलं, तर यांनी पेशव्यांनाच कैद केलं! तुम्ही असता तर इथं थांबला असता? मग नवे पेशवे बाळाजी विश्वनाथ बोलणी करायला आले. श्रीवर्धनचे, म्हणजे कोकणातलेच. कान्होजी बोलायला बसले. पिंगळ्यांना सोडलं, शाहूंना छत्रपती मानलं आणि किल्ले, सरखेलपद दोन्ही राखलं. मला तर हा तह त्यांच्या लढायांपेक्षा भारी वाटतो. 1721 मध्ये इंग्रज-पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले, तेव्हा शाहूंची फौज मदतीला आली. हल्ला फसला.

लढाईबाहेरही त्यांचं काम होतंच. अलिबाग वसवलं, स्वतःचा अलिबागी रुपया पाडला, समुद्रावर फिरणाऱ्या व्यापाऱ्यांना दस्तकं दिली.

4 जुलै 1729 ला कान्होजी गेले. पुढं मुलांमध्ये भांडणं लागली. कुलाबा एकाकडे, विजयदुर्ग दुसऱ्याकडे, असं आरमार वाटलं गेलं. 1756 मध्ये विजयदुर्गाच्या खाडीत त्यातली बरीच जहाजं जळाली.