लाडक्याचा अपराध

ज्याच्यावर लोकांचा जीव असतो त्याच्या हातून अपराध घडला, तर त्याला पतन म्हणतात. ज्याच्याविषयी मुळातच ओलावा नसतो त्याने तेच केले, तर तो त्याचा स्वभाव ठरतो. समाजाची ही सवय जुनी आहे. वर्गातला हुशार, नम्र विद्यार्थी कॉपी करताना सापडला, की पोराला मोह झाला असे म्हणून गुरुजी हळहळतात. मागच्या बाकावरच्या मुलाकडे तशीच चिठ्ठी निघाली, की तो पहिल्यापासूनच तसा होता असा निर्वाळा देऊन मोकळे होतात. वृत्तपत्रे ही समाजातूनच निपजतात; तेव्हा तीही या सवयीला अपवाद नाहीत. खेळाडू जेव्हा सट्टेबाजांच्या जाळ्यात सापडतो, तेव्हा तर ती फारच उघडी पडते. दक्षिण आफ्रिकेचा क्रिकेट कर्णधार हॅन्सी क्रोनिए याचे अवघे बत्तीस वर्षांचे आयुष्य हा तिचा ठळक दाखला आहे. आणि त्याच्या कारकिर्दीच्या अखेरीस कारण झालेला सामना महाराष्ट्राच्याच भूमीवर, नागपूरला, खेळला गेला होता.

वेसेल योहानेस ऊर्फ हॅन्सी क्रोनिए याचा जन्म २५ सप्टेंबर १९६९ रोजी ब्लूमफाँटेन येथे झाला. वडील प्रांतिक दर्जाचे क्रिकेटपटू. घरात खेळाचे आणि धर्माचे वातावरण सारखेच होते. तेथील ग्रे कॉलेज या नामांकित शाळेत तो क्रिकेट आणि रग्बी या दोन्ही खेळांचा कर्णधार होता. एकविसाव्या वर्षी त्याच्याकडे ऑरेंज फ्री स्टेट या प्रांतिक संघाचे नेतृत्व आले. वर्णद्वेषी राजवटीमुळे दक्षिण आफ्रिका दोन दशके आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून बहिष्कृत होती. १९९१ साली कोलकात्यात भारताविरुद्ध खेळून ती परतली आणि पुढच्याच वर्षी क्रोनिए राष्ट्रीय संघात आला. १९९४ मध्ये तो कर्णधार झाला. त्याच वर्षी नेल्सन मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले होते. नव्या राष्ट्राला नवे चेहरे हवे होते आणि हा तरुण त्या चौकटीत चपखल बसला.

त्याची कामगिरीही तशीच होती. त्याच्या नेतृत्वाखाली दक्षिण आफ्रिकेने ५३ कसोटींपैकी २७ जिंकल्या आणि केवळ ११ गमावल्या. १३८ एकदिवसीय सामन्यांपैकी ९९ मध्ये विजय मिळविला. शिस्त, मैदानावरील संयम, पत्रकारांशी अदबीचे वागणे आणि मनगटावर ख्रिस्ताचे स्मरण देणारी पट्टी, असे त्याचे चित्र जगभरच्या वाचकांच्या मनावर ठसले. ते सर्वस्वी खोटे होते असे म्हणता येणार नाही. पण त्या चित्राच्या तेजाने पाहणाऱ्यांचे डोळे दिपले, हेही तितकेच खरे.

जानेवारी २००० मध्ये सेंच्युरियन येथे इंग्लंडविरुद्धच्या कसोटीचे तीन दिवस पावसात वाहून गेले होते. सामना अनिर्णित राहणार हे उघड असताना क्रोनिएने दोन्ही संघांनी एकेक डाव सोडून द्यावा असा प्रस्ताव मांडला. इंग्लंडला २४९ धावांचे लक्ष्य मिळाले आणि त्यांनी ते दोन गडी राखून गाठले. या दिलदारपणाची पुष्कळ ठिकाणी वाहवा झाली. पुढे उघड झाले ते असे, की हा सामना निकाली व्हावा यासाठी एका सट्टेबाजाने त्याला गाठले होते, आणि त्याबद्दल क्रोनिएला ५३,००० रँड व एक कातडी जाकीट मिळाले होते. हीच चाल एखाद्या नावडत्या कर्णधाराने खेळली असती, तर यात काय दडले आहे असा प्रश्न दुसऱ्याच दिवशी कोणी तरी विचारला असता. क्रोनिएला तो कोणी विचारला नाही. त्याच्याविषयीच्या जिव्हाळ्याने त्याला पहिली सवलत दिली ती अशी, गुन्हा उघडकीस येण्याच्याही आधी.

पुढच्याच महिन्यात तो संघ घेऊन भारतात आला. मुंबईची कसोटी तीन दिवसांत आणि बंगळुरूची एका डावाने जिंकून त्याने मालिका खिशात घातली. १९८७ नंतर भारत मायदेशी कसोटी मालिका प्रथमच हरला होता. त्यानंतरच्या एकदिवसीय मालिकेतला शेवटचा सामना १९ मार्च रोजी नागपूरला झाला. आदल्या रात्रीपर्यंत क्रोनिएचे एका सट्टेबाजाशी संधान जुळले होते. सलामीचा फलंदाज हर्शेल गिब्स याने वीसपेक्षा कमी धावा कराव्यात आणि गोलंदाज हेन्री विल्यम्स याने दहा षटकांत पन्नासहून अधिक धावा द्याव्यात, असे ठरले. दोघांना प्रत्येकी पंधरा हजार डॉलर मिळायचे होते. प्रत्यक्षात गिब्सने ७४ धावा फटकावल्या, विल्यम्सचा खांदा अकराव्या चेंडूनंतर दुखावला आणि दक्षिण आफ्रिकेने ३२० धावा करून सामना दहा धावांनी जिंकला. बेत फसला, पण करार झाला होता, ही गोष्ट फसलेल्या बेताने पुसली जात नाही.

७ एप्रिल २००० रोजी दिल्ली पोलिसांनी दूरध्वनीवरील संभाषणाच्या आधारे हे प्रकरण जाहीर केले. त्यावर दक्षिण आफ्रिकेत उमटलेली पहिली प्रतिक्रिया बोलकी आहे. ज्याच्यावर आरोप होता त्याची चौकशी करण्याऐवजी आरोप करणाऱ्यांचीच उलटतपासणी सुरू झाली. भारतीय पोलिसांच्या हेतूविषयी शंका घेतल्या गेल्या, आणि दूरध्वनी चोरून ऐकल्याबद्दल तेथील सरकारने नाराजीही कळविली. क्रोनिएने सारे आरोप ठामपणे नाकारले आणि बहुतेकांनी त्याच्यावर विश्वास ठेवला. चारच दिवसांनी, ११ एप्रिलच्या पहाटे तीनच्या सुमारास, क्रिकेट मंडळाचे प्रमुख अली बाकर यांना दूरध्वनी करून आपण पूर्ण खरे बोललो नव्हतो असे त्याने कळविले. त्याच दिवशी त्याचे कर्णधारपद गेले.

न्या. एडविन किंग यांच्या आयोगापुढे जूनमध्ये साक्षी झाल्या. १९९६ साली कानपूर कसोटीच्या वेळी तीस हजार डॉलर घेतल्याचे क्रोनिएने सांगितले. मात्र त्या पैशाच्या मोबदल्यात काहीच केले नाही, असा दावाही केला. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईतील मोहिंदर अमरनाथ याच्या मदतीसाठीचा सामना हरण्याकरिता आलेली मोठ्या रकमेची देकार त्याने चक्क संघाच्या बैठकीत ठेवली होती आणि संघाने ती फेटाळली होती, हेही पुढे आले. आपल्याला पैशाचे वेड होते असे त्याने कबूल केले. मात्र मोहाचे खापर त्याने सैतानाच्या माथी फोडले. दूरचित्रवाणीवर खचून गेलेला, रडणारा क्रोनिए पाहून लाखो लोक गहिवरले. त्या दिवसापासून बातमीचा विषय अपराध हा राहिला नाही. अपराध्याची वेदना हा तिचा विषय झाला.

या गहिवरात गिब्स आणि विल्यम्स यांची आठवण फारशी कोणाला राहिली नाही. दोघेही वर्णद्वेषी राजवटीने कलर्ड म्हणून खालच्या पायरीवर बसविलेल्या समाजातून आलेले. संघात ज्यांचा आवाज सर्वांत क्षीण अशांपैकी. गोऱ्या, प्रतिष्ठित कर्णधाराने आमिष दाखवायला नेमके त्यांनाच निवडावे, हा योगायोग म्हणून सोडून देता येण्यासारखा नाही. गिब्स तर कर्णधाराला वाचविण्यासाठी आधी खोटेही बोलला. दोघांवर सहा महिन्यांची बंदी आणि दंड लादला गेला. पोलिसांच्या चौकशीच्या धास्तीने गिब्सने पुढे कित्येक वर्षे भारतात पाऊल टाकले नाही. २००६ साली आला तेव्हा दिल्ली पोलिसांनी त्याचा जबाब घेतला. लोकांच्या लाडक्याला मिळणारी सहानुभूती आकाशातून पडत नाही. तिची किंमत त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या दुबळ्या माणसाकडून वसूल होते.

भारतातले चित्र वेगळे होते. कानपूरला सट्टेबाजाशी आपली गाठ महंमद अझरुद्दीनने घालून दिली, असे क्रोनिएने आयोगापुढे सांगितले. अझरुद्दीनने ते नाकारले. केंद्रीय अन्वेषण विभागाच्या अहवालानंतर डिसेंबर २००० मध्ये भारतीय क्रिकेट मंडळाने त्याच्यावर आजन्म बंदी घातली आणि २०१२ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरविली. देगलूरसारख्या सीमेवरच्या गावाला नागपूरपेक्षा हैदराबाद जवळचे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्याच राज्यात होता. हैदराबादच्या त्या मनगटी फलंदाजाविषयी इकडे आपलेपणा वाटणे स्वाभाविकच होते. पण देशाच्या वृत्तपत्रांना तो कधीच मोकळा वाटला नव्हता. तो कमी बोले, आणि बोले ते तुटक. साहजिकच आरोप होताच त्याचे किमती कपडे, त्याची घड्याळे, त्याचे कौटुंबिक आयुष्य यांचीच चर्चा रंगली. क्रोनिएच्या बातमीत त्याची श्रद्धा आली, अझरुद्दीनच्या बातमीत त्याची घड्याळे आली. पुराव्याशी या दोहोंचाही काडीमात्र संबंध नव्हता.

ऑक्टोबर २००० मध्ये क्रोनिएवर आजन्म बंदी आली. तिला त्याने दिलेले आव्हान पुढच्या वर्षी प्रिटोरियाच्या न्यायालयाने फेटाळले. तो एका कंपनीत हिशेबाच्या कामावर रुजू झाला. १ जून २००२ रोजी जॉर्ज शहराजवळच्या डोंगरात त्याचे छोटे मालवाहू विमान कोसळले आणि दोन्ही वैमानिकांसह त्याचा अंत झाला. मृत्यूने उरलासुरला राग धुऊन नेला. २००४ साली थोर दक्षिण आफ्रिकी व्यक्तींसाठी तेथील दूरचित्रवाणीने घेतलेल्या कौलात लोकांनी त्याला अकराव्या स्थानी बसविले. २००८ साली त्याच्या भावाच्या पुढाकाराने त्याच्यावर चित्रपटही निघाला.

मेलेल्या माणसाविषयी कठोर होण्यात पुरुषार्थ नाही, आणि क्रोनिएचे गुण नाकारण्याचेही कारण नाही. प्रश्न इतकाच आहे की, जमेची रक्कम खर्चाच्या रकान्यात लिहून हिशेब जुळविता येतो काय? साध्या कारकुनालाही ठाऊक असते की तसे करता येत नाही. खेळाडूचा सुस्वभाव जमेस धरावा, त्याचे विजयही धरावेत. पण त्याने पैसे घेतले की नाही, घेतले तर किती, कोणाला सोबत ओढले आणि फसविले कोणाला, या प्रश्नांची उत्तरे स्वतंत्र रकान्यात, पुराव्यानिशीच लिहिली गेली पाहिजेत. २०१३ साली आयपीएलमध्ये असेच प्रकरण पुन्हा निघाले, उद्याही निघेल. त्या वेळी वाचकाने बातमी वाचताना खेळाडूचे नाव क्षणभर झाकावे आणि उरलेला मजकूर वाचून मनाचा कौल घ्यावा. नाव उघडल्यावर तो कौल बदलला, तर न्याय झालेला नाही असे खुशाल समजावे.