विश्लेषण : रक्तगट कसे सापडले? आणि मुंबईतल्या रक्ताने त्या नियमाला अपवाद कसा दाखवला?

अंबरनाथ, बदलापूर किंवा उल्हासनगरमध्ये रक्तगट तपासायला गेलात, की काचपट्टीवर रक्ताचे थेंब घेतात, त्यात द्रावण मिसळतात आणि काही मिनिटांत गट सांगतात. या तपासणीमागचे तत्त्व सव्वाशे वर्षांपूर्वी व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर यांनी शोधले. १४ जून ही त्यांची जन्मतारीख. जागतिक रक्तदाता दिन त्याच दिवशी असतो, तो याच कारणाने.

लँडस्टायनर कोण होते?

जन्म १८६८ चा. वडील व्हिएन्नातील नामवंत पत्रकार, पण ते कार्ल लहान असतानाच गेले आणि मुलाला आईने वाढवले. १८९१ मध्ये ते डॉक्टर झाले, मात्र दवाखाना न थाटता काही वर्षे रसायनशास्त्र शिकत राहिले. पुढे विकृतिशास्त्र विभागात दहा वर्षांत त्यांनी साडेतीन हजारांहून अधिक शवविच्छेदने केली. रक्तगटांचा शोध या नोकरीच्या काळातलाच.

त्याआधी रक्त चढवताना काय होत असे?

नशिबाचा खेळ. १६६७ मध्ये फ्रान्समध्ये माणसाला कोकराचे रक्त देऊन पाहिले गेले होते. नंतर माणसाचे रक्त माणसाला देणे सुरू झाले, तरी एक रुग्ण वाचायचा, दुसऱ्याला थंडी वाजून ताप भरायचा, लघवी काळी व्हायची आणि तो दगावायचा. एकाचे रक्त दुसऱ्याच्या रक्तात मिसळले की गुठळ्या होतात हे दिसले होते, पण तो आजाराचा परिणाम मानला जाई. लँडस्टायनर यांनी निरोगी माणसे घेतली. स्वतःचे आणि सहकाऱ्यांचे रक्त काढून एकाच्या रक्तद्रवात दुसऱ्याच्या तांबड्या पेशी मिसळल्या. काही जोड्यांत पेशी एकमेकींना चिकटल्या, काहींत नाही. १९०१ मध्ये त्यांनी तीन गट मांडले : ए, बी आणि सी. सी म्हणजेच आजचा ओ. एबी गट पुढच्याच वर्षी त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला.

एवढा मोठा शोध, पण त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. रक्त गोठू न देता साठवण्याची सोयच तेव्हा नव्हती. ती पहिल्या महायुद्धाच्या सुमारास झाली आणि मग गट जुळवून रक्त देणे खऱ्या अर्थाने रुजले. लँडस्टायनर यांना नोबेल मिळाले १९३० मध्ये. दरम्यान, पोलिओ विषाणूमुळे होतो हे दाखवण्यातही त्यांचा वाटा होता. युद्धानंतरच्या हलाखीत त्यांनी व्हिएन्ना सोडले, नेदरलँड्समधील एका छोट्या रुग्णालयात काम केले आणि अखेर न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पोहोचले. तिथे १९४० मध्ये त्यांनी अलेक्झांडर वीनर यांच्यासह आरएच घटक जाहीर केला. रक्तगटापुढचे ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’ तिथून आले. १९४३ मध्ये प्रयोगशाळेतच हृदयविकाराचा झटका येऊन दोन दिवसांनी त्यांचे निधन झाले.

मग मुंबईत काय घडले?

ओ गटाच्या पेशींवर ए किंवा बी नसल्याने त्या कोणालाही चालतात, असा समज तोवर पक्का झाला होता. मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया यांना असे रक्त आढळले, की त्याच्या द्रवात ओ गटाच्या पेशीही चिकटत होत्या. ब्रिटिश संशोधकांसह लिहिलेला त्यांचा निबंध १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. ए आणि बी हे घटक ज्या पायावर तयार होतात, तो ‘एच’ घटकच या व्यक्तींच्या पेशींवर नसतो. ओ गटात मात्र तो भरपूर असतो. म्हणून यांचे शरीर ओ गटालाही परके समजते. याच गटाला जगभर ‘बॉम्बे’ म्हणतात. शहराचे नाव बदलले, रक्तगटाचे नाही!

धोका कुठे आहे?

नेहमीच्या तपासणीत फक्त पेशी पाहिल्या, तर बॉम्बे गट हुबेहूब ओ दिसतो. अपघातातल्या किंवा बाळंतपणात रक्तस्राव झालेल्या रुग्णाला घाईत ओ रक्त दिले, तर ते शरीरात फुटू लागते आणि जीवही जाऊ शकतो. म्हणून रक्तपेढीत उलट तपासणीही करतात. रुग्णाच्या रक्तद्रवात ओ गटाच्या पेशी मिसळायच्या, त्या चिकटल्या तर संशय घ्यायचा. लँडस्टायनर यांचीच १९०१ ची रीत, त्यांच्याच गटाला अपवाद शोधण्यासाठी. परळला केईएमच्या आवारातील राष्ट्रीय संस्थेत अशा दुर्मीळ रक्तगटांवर आजही काम चालते.

भारतात साधारण दहा हजारांत एकाचा हा गट असतो, त्यामुळे दाता शोधताना फोन लांबलांबपर्यंत जातात. हा गुण आई आणि वडील दोघांकडूनही यावा लागतो. म्हणून पहिली चौकशी होते ती सख्ख्या भावंडांची.