यंत्रविद्येचे उपासक लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. त्यांचे वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे व्यासंगी होते. लक्ष्मणरावांचे मन मात्र पोथ्यांत रमत नसे. चित्रे काढावीत, एखादे यंत्र दिसले की ते कसे चालते हे न्याहाळावे, हाच त्यांचा छंद. वडील बंधू रामूअण्णा यांच्या पाठबळावर १८८५ साली ते मुंबईस जाऊन जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

तेथे त्यांच्यावर मोठेच संकट ओढवले. आपल्याला काही रंगांतील भेद ओळखता येत नाही, हे त्यांच्या ध्यानी आले. ज्याला रंग कळत नाहीत, त्याने चित्रकार कसे व्हावे? लक्ष्मणरावांनी रंग सोडले. रेघ मात्र सोडली नाही. यंत्रांच्या आकृत्या काढण्यास रंग लागत नाहीत. ती विद्या त्यांनी हस्तगत केली आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत ते तीच शिकवू लागले.

शिकविण्याचे काम आटोपले की लक्ष्मणराव संस्थेच्या कार्यशाळेत जात. यंत्र खोलावे, त्याचा प्रत्येक भाग कशासाठी आहे हे समजून घ्यावे, बिघाड शोधावा आणि सारे पुन्हा जुळवावे, हे शिक्षण त्यांनी स्वतःच्या हातांनी घेतले. या कामात घाई चालत नाही. काढलेले खिळे व चक्रे क्रमाने मांडून ठेवली नाहीत, तर जोडताना फजिती ठरलेली! आज काही घरांत भांडी धुण्याचे यंत्र आले आहे. त्यात पाणी तुंबले, तर पुष्कळदा तळाच्या जाळीत खरकटे अडकलेले असते. पण ते पाहण्यापूर्वी विजेचा संबंध तोडावा लागतो, आणि शोध घ्यावा लागतो तो याच रीतीने.

१८८८ साली किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत; रामूअण्णा त्या विकीत आणि गिऱ्हाइकांना चालविण्यास शिकवीत. त्या काळी सायकल ही श्रीमंतांची चैन होती. दुरुस्तीची सोयही दुकानातच होती. पुढे संस्थेत हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली व ते बेळगावास आले.

दुसऱ्यांनी घडविलेली यंत्रे दुरुस्त करता करता ती आपणच का घडवू नयेत, हा विचार बळावला. प्रथम कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले, आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. श्रीगोंद्याच्या दक्षिणेकडील भीमाकाठच्या काळ्या जमिनीसारख्या भुईत हरळीची मुळे खोल जातात. ती उपटावयास असाच नांगर हवा. तरीही सुमारे दोन वर्षे त्याला गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. शेतकऱ्याला केवळ अडाणी म्हणून चालणार नाही. लाकडी नांगर मोडला, तर गावचा सुतार तो नीट करून देई. हा परका नांगर शेतात अडला, तर कोणाकडे जावे? लक्ष्मणराव चिकाटीने सुधारणा करीत राहिले. हळूहळू नांगरांना मागणी येऊ लागली.

तोच बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडण्यास फर्माविले. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीस धावले. १९१० साली त्यांनी कुंडल रोड स्थानकानजीक ३२ एकर जमीन दिली. तो निवडुंगाने भरलेला माळ होता. सापही पुष्कळ. तेथेच किर्लोस्करवाडी वसली. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही लक्ष्मणरावांनी तेथे विश्वासाने काम दिले.

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर झाले!

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६९ साली, त्यांच्या जन्मशताब्दीस, भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. बेळगावात जेथे त्यांचे सायकलींचे दुकान होते, तो रस्ता आज किर्लोस्कर रोड या नावाने ओळखला जातो.